परदेशातील भारतीय चित्रपट महोत्सव आणि पाहुणा दिग्दर्शक : संवादाचे स्वरूप व मर्यादा

सारांश

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून युरोप आणि अमेरिकेत केवळ भारतीय चित्रपटांना वाहिलेले अनेक महोत्सव सुरू झाले. मोठे वितरक व नामांकित कलावंत पाठीशी नसलेल्या स्वतंत्र चित्रपटांना या महोत्सवांनी परदेशी प्रेक्षक मिळवून दिला. चित्रपटासोबत दिग्दर्शकाला पाहुणा म्हणून बोलावणे आणि खेळानंतर प्रेक्षकांशी त्याचा संवाद घडविणे हे या महोत्सवांचे वैशिष्ट्य होय. प्रस्तुत लेखात महोत्सवांची कार्यपद्धती, उपशीर्षकांची मर्यादा, दिग्दर्शक-प्रेक्षक संवादाचे स्वरूप व त्यातील ताण यांचे विवेचन केले आहे. या संवादाचा लाभ चित्रपटाच्या मूळ प्रेक्षकाला अभावानेच मिळतो, हे निदर्शनास आणून महाविद्यालयीन पातळीवरील शक्यतांचा विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : स्वतंत्र चित्रपट, चित्रपट महोत्सव, उपशीर्षके, स्थलांतरित समाज, प्रेक्षक-संवाद, चित्रपट रसग्रहण.

१. प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा परदेशातील महोत्सवांशी असलेला संबंध जुना आहे. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा मराठी चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिस येथील महोत्सवात दाखविण्यात आला व तेथे त्याची विशेष दखल घेतली गेली. १९४६ मध्ये चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान इतर काही चित्रपटांसमवेत विभागून मिळाला. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ ऑगस्ट १९५५ मध्ये कोलकात्यात प्रदर्शित झाला. परंतु त्याआधी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दाखविला गेला होता. त्या खेळाला उपशीर्षके नव्हती आणि दिग्दर्शकही उपस्थित नव्हता. प्रेक्षकांनी एका अनोळखी भाषेतील चित्रपट केवळ प्रतिमा व ध्वनी यांच्या आधारे पाहिला आणि त्याला दाद दिली.

या घटनेनंतर सुमारे सात दशके लोटली आहेत. आज परदेशी महोत्सवात दाखविल्या जाणाऱ्या भारतीय चित्रपटाला इंग्रजी उपशीर्षके असतात, माहितीपत्रक असते आणि बहुधा दिग्दर्शकही सभागृहात असतो. खेळ संपल्यावर दिवे लागतात, दिग्दर्शक पडद्यासमोर येतो आणि प्रेक्षक त्याला प्रश्न विचारतात. या वीस-तीस मिनिटांत नेमके काय घडते, ते चित्रपटाला कितपत उपकारक ठरते आणि त्यातून भारतातील अध्यापकाने काय घ्यावे, हे प्रश्न मराठी चित्रपटविषयक लेखनात फारसे चर्चिले गेलेले नाहीत. चर्चा होते ती पुरस्कारांची. प्रस्तुत लेखात पुरस्कारांऐवजी या भेटीचा विचार केंद्रस्थानी ठेवला आहे.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

‘स्वतंत्र चित्रपट’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते. प्रस्तुत लेखात ती मोठ्या निर्मितिसंस्थेच्या आर्थिक व आशयविषयक नियंत्रणाबाहेर, मर्यादित खर्चात, लोकप्रिय कलावंतांवर विसंबून न राहता तयार झालेल्या चित्रपटाला उद्देशून वापरली आहे. भारतात अशा चित्रपटाला शासकीय आधाराची परंपरा आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’सारख्या चित्रपटांना अर्थसाहाय्य दिले. पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने (एनएफडीसी) ते कार्य चालविले. याच महामंडळाने २००७ पासून गोव्यात भरविलेला ‘फिल्म बाजार’ हा आजच्या स्वतंत्र दिग्दर्शकांसाठी परदेशी महोत्सवांच्या निवडकर्त्यांना भेटण्याचा प्रमुख मार्ग ठरला.

महोत्सवांचेही दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले पाहिजेत. कान, व्हेनिस, बर्लिन, टोरांटो, रॉटरडॅम, सनडान्स येथील महोत्सव सर्व देशांच्या चित्रपटांसाठी असतात. तेथे वितरक, विक्रेते व समीक्षक मोठ्या संख्येने येतात. दुसरा प्रकार केवळ भारतीय किंवा दक्षिण आशियाई चित्रपटांच्या महोत्सवांचा. तेथे खरेदीदार कमी आणि सामान्य प्रेक्षक अधिक असतात. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासंबंधी आहे.

३. भारतीय चित्रपट महोत्सवांचा उदय व विस्तार

या प्रकारचे बहुतेक महोत्सव २००० नंतरच्या दशकात उदयास आले. न्यूयॉर्क येथे इंडो-अमेरिकन आर्ट्स कौन्सिल या संस्थेने २००१ मध्ये आपला महोत्सव सुरू केला. त्याच वर्षी इटलीतील फ्लॉरेन्स येथे ‘रिव्हर टू रिव्हर’ हा महोत्सव सुरू झाला. त्याच्या नावातील दोन नद्या म्हणजे गंगा व फ्लॉरेन्समधून वाहणारी आर्नो. २००३ मध्ये लॉस एंजेलिस, २००४ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट आणि २०१० मध्ये लंडन येथे असे महोत्सव भरू लागले. फ्लॉरेन्स, लॉस एंजेलिस व स्टुटगार्ट येथील महोत्सवांच्या स्थापनेत अभारतीय व्यक्ती व संस्थांचा पुढाकार होता, ही बाब लक्षणीय आहे. हे महोत्सव केवळ स्थलांतरित भारतीयांच्या स्मरणरंजनाची साधने म्हणून जन्मले नाहीत, असे त्यावरून म्हणता येते.

यांपैकी स्टुटगार्टचे उदाहरण महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगे आहे. मुंबई व स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. स्टुटगार्ट हे वाहन उद्योगाचे शहर असून तेथील मर्सिडीज-बेंझ व बॉश या उद्योगसमूहांचे कारखाने अनुक्रमे पुणे व नाशिक परिसरात आहेत. साहजिकच अभियंते व विद्यार्थी यांची या दोन प्रदेशांत ये-जा असते. तेथील महोत्सवाचे आरंभीचे नाव ‘बॉलीवूड अँड बियॉन्ड’ असे होते. त्या काळात हिंदी व्यावसायिक चित्रपट जर्मन दूरचित्रवाणीवर लोकप्रिय होऊ लागला होता, त्यामुळे हे नाव प्रेक्षकांना ओळखीचे वाटणारे होते. काही वर्षांनंतर आयोजकांनी नावातून ‘बॉलीवूड’ वगळले व ‘स्टुटगार्ट भारतीय चित्रपट महोत्सव’ असा अर्थ होणारे साधे नाव स्वीकारले. कथापट, माहितीपट व लघुपट यांना ‘जर्मन स्टार ऑफ इंडिया’ हा पुरस्कार देण्यात येतो. चित्रपटांच्या खेळांबरोबर ‘टी टॉक’ या नावाने चहापानासोबत होणारी चर्चासत्रे हाही कार्यक्रमाचा भाग असतो. दिग्दर्शकाला ऐकण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवण्याची ही पद्धत त्या महोत्सवाची दृष्टी दर्शविते.

सर्वच महोत्सव मात्र एकसारखे नाहीत. मेलबर्न येथील महोत्सवाला व्हिक्टोरिया राज्य शासनाचे पाठबळ असून तेथे हिंदी चित्रपटसृष्टीतील तारे-तारकांची उपस्थिती ठळक असते. तेथेही स्वतंत्र चित्रपट दाखविले जातात. परंतु गर्दीचे केंद्र वेगळे असते. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ‘नाफा’ या संस्थेने मराठी चित्रपटांचा महोत्सव भरविला. त्याचा प्रेक्षक प्रामुख्याने मराठी भाषक होता. प्रेक्षकाची घडण बदलली की दिग्दर्शकाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्वरूपही बदलते, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

४. निवडीपासून पडद्यापर्यंतचा प्रवास

महोत्सवात चित्रपट पोहोचण्याची प्रक्रिया अध्यापकांना व विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. ती थोडक्यात अशी : निर्माता किंवा दिग्दर्शक ऑनलाइन व्यासपीठावरून, बहुधा प्रवेशशुल्क भरून, चित्रपट पाठवितो. निवड समिती तो पाहते. चित्रपटाचा पहिला खेळ कोठे झाला, यालाही महत्त्व असते. मोठे महोत्सव जागतिक किंवा किमान खंडातील पहिल्या खेळाचा आग्रह धरतात. त्यामुळे दिग्दर्शकाला क्रम ठरवावा लागतो. आधी मोठ्या महोत्सवांच्या निर्णयाची प्रतीक्षा करावयाची आणि नंतर भारतीय चित्रपटांच्या महोत्सवांकडे वळावयाचे, असा हा क्रम असतो. या प्रतीक्षेत कित्येक महिने जातात.

निवड झाल्यावर चित्रपट डिजिटल संचिकेच्या स्वरूपात पाठविला जातो. ही संचिका बहुधा सांकेतिक कुलूप घातलेली असते व ठरावीक चित्रगृहातील ठरावीक प्रक्षेपकावर, ठरावीक मुदतीतच ती उघडते. परदेशातील खेळासाठी भारतीय परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नसते. भारतातील महोत्सवात प्रमाणपत्र नसलेला चित्रपट दाखवावयाचा झाल्यास १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार केंद्र शासनाकडून सूट घ्यावी लागते. परिणामतः एखादा चित्रपट परदेशात संपूर्ण स्वरूपात आणि भारतात काटछाट होऊन दिसण्याची शक्यता असते.

चित्रपटापेक्षा दिग्दर्शकाचा प्रवास अधिक अडचणीचा असतो. महोत्सव निमंत्रणपत्र पाठवितो आणि आर्थिक कुवतीनुसार दोन-तीन रात्रींचा निवास, क्वचित विमानभाडे देतो. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी प्रथमच अर्ज करणाऱ्याला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः हजर राहावे लागते. बँकेतील शिल्लक, उत्पन्नाची विवरणपत्रे, विमा, परतीचे तिकीट अशी कागदपत्रे जोडावी लागतात. नियमित वेतन नसलेल्या, चित्रपटासाठी कर्ज काढलेल्या तरुण दिग्दर्शकाला बँकेतील शिल्लक दाखविणे हीच पहिली परीक्षा ठरते. निमंत्रण बहुधा एकट्या दिग्दर्शकाला असते. ज्या गावात चित्रीकरण झाले तेथील अभिनेते, ध्वनिमुद्रक, संकलक या प्रवासात क्वचितच सहभागी होतात. ज्या माणसांच्या जगण्यातून चित्रपट घडला त्यांचा प्रतिनिधी म्हणून एकच व्यक्ती परदेशी सभागृहात उभी राहते, ही वस्तुस्थिती पुढील संपूर्ण संवादाच्या मुळाशी आहे.

५. उपशीर्षकांची मर्यादा

पडद्याच्या तळाशी एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत साधारणपणे चाळीस अक्षरे, एवढीच जागा उपशीर्षकाला असते. प्रेक्षकाला ती वाचून पुन्हा प्रतिमेकडे वळता आले पाहिजे. म्हणून बोललेल्या मजकुराचा संक्षेप अटळ असतो. जर्मनीत परदेशी चित्रपट सर्वसाधारणपणे जर्मन ध्वनिमुद्रणासह दाखविले जातात. तेथील प्रेक्षक भारतीय महोत्सवात येतो, तेव्हा मराठी ऐकत इंग्रजी वाचतो आणि जर्मनमध्ये समजून घेतो. चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये असलेली ही इंग्रजी दोघांचीही मातृभाषा नसते.

या प्रक्रियेत काय हरवते, हे काही मराठी चित्रपटांच्या आधारे पाहता येते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या चार भाषा आहेत. न्यायालयात कायद्याची कलमे इंग्रजीत वाचली जातात, आरोपी लोकशाहीर मराठीत गातो, बचाव पक्षाच्या वकिलाच्या घरात गुजराती बोलली जाते. कोणती व्यक्ती कोणत्या क्षणी कोणत्या भाषेत बोलते, यातच त्या व्यवस्थेतील अधिकाराची उतरंड दडलेली आहे. उपशीर्षकांत मात्र या चारही भाषा एकाच इंग्रजीत विरून जातात. भारतीय प्रेक्षकाला कानांनी कळणारी विषमता परदेशी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढून निसटते. संभाजी भगत यांच्या गीतांतील शाहिरीची चालही अनुवादात केवळ आशयापुरती उरते.

जयंत दिगंबर सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये (२०२३) अडचण शीर्षकापासूनच सुरू होते. मराठीत ‘स्थळ’ म्हणजे जागा आणि ‘स्थळ’ म्हणजे विवाहासाठी सुचविलेली व्यक्तीही. मुलीकडे पाहण्याची वस्तुनिष्ठ, जवळजवळ व्यवहारी दृष्टी त्या एका शब्दात आहे. ‘अ मॅच’ या इंग्रजी शीर्षकात तिचा निम्मा अर्थच येतो. चंद्रपूर परिसरातील बोलीचा पोतही इंग्रजीत उतरत नाही.

याहून महत्त्वाची बाब अशी की, ज्या ठिकाणी संवादच नाही त्या ठिकाणी उपशीर्षकही नसते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) डुक्कर पकडण्यासाठी धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते. पुढे पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेले जाते, ते शाळेच्या भिंतीवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर व इतर समाजसुधारकांच्या चित्रांसमोरून. या दोन्ही प्रसंगांत चित्रपटाचा गाभा आहे आणि दोन्ही ठिकाणी पात्रे काहीच बोलत नाहीत. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला भिंतीवरील चेहरे ओळखावे लागत नाहीत, ते ओळखीचेच असतात. स्टुटगार्ट किंवा फ्लॉरेन्स येथील प्रेक्षकाला ती भिंतीवरील काही चित्रे वाटतात. येथे दिग्दर्शकाच्या उपस्थितीची खरी गरज निर्माण होते.

६. खेळानंतरचा संवाद

खेळानंतरची प्रश्नोत्तरे हा उपशीर्षकांना जोडलेला दुसरा अनुवाद होय, असे म्हणता येईल. या संवादातील प्रश्नांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग माहितीपर प्रश्नांचा. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटातील मुंबईत राहणारा नायक वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. हे दहा दिवस कशासाठी, त्यांतील निर्बंध कोणते, असे प्रश्न परदेशी प्रेक्षकाला पडणे स्वाभाविक आहे. अशा प्रश्नांच्या उत्तरांनी चित्रपट अधिक खुला होतो.

दुसरा वर्ग निर्मितीविषयक प्रश्नांचा. अव्यावसायिक अभिनेते कसे निवडले, दृश्य दीर्घ का ठेवले, ध्वनी जागेवरच मुद्रित केला काय, असे हे प्रश्न असतात. दिग्दर्शकाला कलावंत म्हणून संबोधणारा वर्ग हाच होय आणि बहुतेक दिग्दर्शकांना हेच प्रश्न अधिक हवे असतात.

तिसरा वर्ग निवाड्याच्या प्रश्नांचा. भारतात अजूनही असे घडते काय, शासन याविषयी काय करते, कायदा नाही काय, या स्वरूपाच्या प्रश्नांत चित्रपट पुरावा ठरतो आणि दिग्दर्शक साक्षीदार. प्रश्नकर्त्याचा हेतू बहुधा सहानुभूतीचा असतो. तरीही चर्चा चित्रपटावरून देशाकडे सरकते.

चौथा वर्ग प्रश्नांचा नसून निवेदनांचा असतो. स्थलांतरित भारतीय प्रेक्षक उठून आपल्या आजोळाविषयी, सोडून आलेल्या गावाविषयी, बोलीतील एखादा शब्द अनेक वर्षांनी ऐकल्याविषयी बोलतो. त्यात प्रश्न नसतो. परंतु चित्रपट पोहोचल्याची ती पावती असते. एकाच सभागृहात भारत प्रथमच पाहणारा आणि भारत सोडून आलेला असे दोन प्रेक्षक शेजारी बसलेले असणे, हे या महोत्सवांचे बलस्थान आहे. एकाचे कुतूहल आणि दुसऱ्याची आठवण यांच्यामध्ये दिग्दर्शकाला उत्तर शोधावे लागते.

७. प्रतिनिधित्वाचे ओझे

या दोन प्रेक्षकांच्या अपेक्षा मात्र परस्परविरोधी असू शकतात. परदेशी प्रेक्षक दारिद्र्य, जात, स्त्रीचे दुय्यमत्व यांविषयी विचारतो, तेव्हा स्थलांतरित प्रेक्षकांपैकी काहींना संकोच वाटतो. देशाची प्रगती न दाखविता उणिवाच का दाखविल्या, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप नवा नाही. १९८० मध्ये राज्यसभेच्या सदस्य असलेल्या अभिनेत्री नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्या चित्रपटांवर भारताचे दारिद्र्य परदेशात नेल्याची टीका केली होती व त्यावर बराच वाद झाला होता.

या आक्षेपाचा शांतपणे विचार केला पाहिजे. त्यात तथ्यांश नाहीच, असे म्हणता येणार नाही. निवडकर्त्यांच्या मनात भारताची एक ठरावीक प्रतिमा असू शकते आणि त्या प्रतिमेत बसणाऱ्या चित्रपटाला प्रवेश सुलभ होऊ शकतो. ही शक्यता ठाऊक असलेला दिग्दर्शक, नकळत का होईना, परदेशी प्रेक्षकासाठी अधिक स्पष्टीकरण देणारा चित्रपट तयार करण्याचा धोका असतो. दुसऱ्या बाजूस हेही खरे की, ‘फँड्री’तील कुटुंबाला किंवा ‘स्थळ’मधील सविताला देशाच्या प्रतिमेसाठी अदृश्य राहण्यास सांगणे हा अन्यायच होय. चित्रपट ज्या वास्तवाविषयी आहे ते वास्तव लाजिरवाणे असेल, तर दोष वास्तवाचा मानला पाहिजे.

या पेचातून मार्ग काढण्याची रीत अनेकदा चित्रपटांतच आढळते. ‘कोर्ट’ कोणावरही आरोप न करता न्यायालयाबाहेरील दैनंदिन जीवन दाखवितो. सरकारी वकील घरी जाऊन स्वयंपाक करते आणि कुटुंबासह नाटकाला जाते. ‘साबर बोंडं’ दोन पुरुषांमधील स्नेहाची कथा ग्रामीण कुटुंबाच्या मायेसह मांडतो. ज्या चित्रपटातील माणसे एखाद्या समस्येची उदाहरणे म्हणून अवतरत नाहीत, त्याच्या दिग्दर्शकाला देशाचा प्रवक्ता होण्याचे नाकारणे सोपे जाते. मी एका गावाविषयी सांगू शकतो, संपूर्ण देशाविषयी नाही, या आशयाचे उत्तर अशा वेळी प्रामाणिक ठरते. संवादाचे सूत्रसंचालन करणाऱ्याची जबाबदारीही येथे मोठी असते. त्याने पहिला प्रश्न चित्रपटातील एखाद्या दृश्याविषयी विचारला, तर पुढील चर्चा बहुधा चित्रपटाशी बांधलेली राहते.

८. मूळ प्रेक्षकाचा प्रश्न

परदेशातील या स्वागताच्या पार्श्वभूमीवर मायदेशातील स्थिती तपासणे अगत्याचे आहे. ‘कोर्ट’चा पहिला खेळ सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिस येथे झाला, तेथे त्याला ओरिझोंती विभागातील सर्वोत्तम चित्रपटाचा आणि पदार्पणाचा असे दोन पुरस्कार मिळाले, महाराष्ट्रातील प्रेक्षकांना तो १७ एप्रिल २०१५ रोजी पाहावयास मिळाला. ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटो येथे दाखविला गेला व त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला. भारतात तो ७ मार्च २०२५ रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे सुमारे दीड वर्षानंतर. ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स येथे जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, भारतात तो १९ सप्टेंबर २०२५ रोजी चित्रगृहांत आला.

हे तीन चित्रपट भाग्यवानच म्हटले पाहिजेत, कारण ते अखेर प्रदर्शित झाले. महोत्सवांत फिरून परत आलेल्या अनेक चित्रपटांना चित्रगृह मिळतच नाही. मिळाले तरी खेळांची संख्या अल्प आणि वेळ गैरसोयीची असते. मराठी चित्रपटाला बहुपडदा चित्रगृहांत योग्य वेळ मिळावी, हा विषय एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाच्या पातळीवर गाजला होता. तथापि केवळ वेळ राखून ठेवल्याने प्रेक्षक तयार होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील गावात, तेथील माणसांना घेऊन तयार झालेल्या चित्रपटाविषयी टोरांटोच्या प्रेक्षकाने दिग्दर्शकाला प्रश्न विचारावेत आणि तशी संधी तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला मिळू नये, यात केवळ वितरणाची अडचण नाही. त्या चित्रपटातील सविता स्वतः महाविद्यालयात समाजशास्त्र शिकते आणि तिच्या वर्गात स्त्री-सक्षमीकरणाचा पाठ शिकविला जातो. वर्गातील पाठ आणि घरातील पाहण्याचा कार्यक्रम यांतील अंतर हा त्या चित्रपटाचा विषय आहे. तो विषय समजण्यासाठी ज्या प्रेक्षकाला उपशीर्षकांची किंवा स्पष्टीकरणाची गरज नाही, तोच या संवादापासून दूर आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. चित्रपट आता ओटीटी मंचावरून घरबसल्या पाहता येतात. मग सभागृहाची व दिग्दर्शकाच्या भेटीची आवश्यकता काय? याचे उत्तर महोत्सवांच्या अलीकडील अनुभवात सापडते. २०२० मध्ये कोविड साथीमुळे अनेक महोत्सव ऑनलाइन भरविण्यात आले. चित्रपट घरोघरी पोहोचले. तरीही परिस्थिती निवळताच महोत्सव सभागृहांकडे परतले. अनोळखी माणसांनी एकत्र बसून चित्रपट पाहणे, एका ठिकाणी सर्वांनी हसणे आणि दुसऱ्या ठिकाणी कोणी हसावे व कोणी गंभीर व्हावे, हा अनुभव एकट्याने पाहण्यात मिळत नाही. दिग्दर्शकालाही आपला चित्रपट कोठे पोहोचला आणि कोठे अडला, हे सभागृहाच्या शेवटच्या रांगेत उभे राहूनच कळते.

९. महाविद्यालयांपुढील शक्यता

भारतात चित्रपट पाहून त्यावर चर्चा करण्याची परंपरा नवी नाही. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली. मुंबईतील ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून कार्यरत आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय व फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट यांच्या रसग्रहण वर्गांतून अनेक अध्यापक घडले. या परंपरेला महोत्सवांच्या कार्यपद्धतीची जोड देता येईल. त्यासाठी पुढील बाबी विचारात घ्याव्यात :

(अ) चित्रपटाचा खेळ दिग्दर्शक किंवा निर्मात्याच्या रीतसर परवानगीने व शक्य ते मानधन देऊन आयोजित करावा. परवानगीशिवाय उतरवून घेतलेली प्रत दाखविणे हे अशा उपक्रमाच्या हेतूशीच विसंगत होय.

(आ) दिग्दर्शकासोबत स्थानिक अभिनेते, ध्वनिमुद्रक किंवा संकलक यांनाही निमंत्रण द्यावे. परदेशी महोत्सवाला खर्चामुळे जे शक्य होत नाही ते जिल्ह्यातील महाविद्यालयाला शक्य आहे.

(इ) चर्चेसाठी किमान अर्धा तास राखून ठेवावा. पाहुण्यांचा परिचय, सत्कार व आभार यांतच वेळ संपू नये, याची दक्षता घ्यावी. विद्यार्थ्यांना प्रश्न आधी लिहून देऊ नयेत. मात्र चर्चेचा आरंभ एखाद्या दृश्यापासून करण्याची सवय त्यांना लावावी.

(ई) भाषा विभागाने उपशीर्षकांचा अनुवाद हा विषय प्रात्यक्षिकासाठी घ्यावा. एखाद्या मराठी प्रसंगाची दोन ओळींत बसणारी इंग्रजी उपशीर्षके तयार करताना विद्यार्थ्यांना मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांच्या मर्यादा प्रत्यक्ष उमगतात. समाजशास्त्र व राज्यशास्त्र विभागांना याच प्रसंगावर स्वतंत्र चर्चा घेता येईल.

१०. निष्कर्ष

१. परदेशातील भारतीय चित्रपट महोत्सव स्वतंत्र चित्रपटाला खरेदीदार मिळवून देण्यापेक्षा सजग प्रेक्षक मिळवून देण्यात अधिक यशस्वी ठरतात.

२. उपशीर्षके केवळ बोललेल्या शब्दांचा अनुवाद करतात. भाषांची उतरंड, बोली आणि मूक प्रतिमा यांचा अर्थ पोहोचविण्यासाठी दिग्दर्शकाची उपस्थिती उपयुक्त ठरते.

३. हीच उपस्थिती दिग्दर्शकाला देशाचा प्रवक्ता बनविण्याचा धोका निर्माण करते. चर्चा चित्रपटातील विशिष्ट दृश्याशी बांधलेली ठेवणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय आहे.

४. चित्रपटाचा मूळ प्रेक्षक या संवादातून बहुधा वगळला जातो. ही उणीव काही अंशी भरून काढण्याची क्षमता महाविद्यालयांत आहे, कारण सभागृह, विद्यार्थी व अध्यापक या तीनही गोष्टी तेथे उपलब्ध असतात.

११. समारोप

१९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी उपशीर्षकांशिवाय आणि दिग्दर्शकाशिवाय ‘पथेर पांचाली’ पाहिला व त्यातील माणसे त्यांना कळली. उत्तम चित्रपटाला अखेरीस स्पष्टीकरणाची गरज नसते, असे त्यावरून कोणी म्हणेल. परंतु कळणे आणि ओळखणे यांत अंतर आहे. ‘फँड्री’च्या भिंतीवरील चेहरे ओळखणारा प्रेक्षक महाराष्ट्रात आहे. त्या प्रेक्षकाला चित्रपट पाहावयास मिळणे आणि चित्रपट घडविणाऱ्याला त्याने स्वतःचा प्रश्न विचारणे, ही गोष्ट स्टुटगार्ट येथे घडते तितक्याच सहजपणे चंद्रपूर किंवा सोलापूर येथे घडली, तर स्वतंत्र चित्रपटाचा प्रवास खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असे म्हणता येईल.